भिंतीकडे तोंड केलेली पलटण

ग्रुपवरचे सगळे अनुभव मी वाचतो. निम्म्या थापा असतात असं माझं मत आहे. राग आला तर येऊ दे. मी मूळचा कणकवलीकडचा. आमच्या गावात प्रत्येक वळणावर कोण ना कोण उभा असतो म्हणून सांगतात... त्या सगळ्या वळणांवरून मी पोरवयात गुरं हाकलली, मला कधी कोणी आडवा आला नाही. भूतबित मी मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि माझ्याशिवाय ते सांगणारा कोणी नाही. शिक्षण चौथी. मोबाईलवर एका बोटाने लिहितोय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

राहायला भांडुप पश्चिमेला, टेंभीपाड्याच्या वरच्या अंगाला, चाळीत. दहा बाय पंधराची खोली. वय त्र्याहत्तर. कारखान्यात फिटर होतो, रिटायर होऊन जमाना झाला. मूलबाळ नाही. मी आणि माझी बायको सुमन, एवढंच घर. सुमन तीन महिन्यांपूर्वी गेली.

तिला एक नाद होता. लोकांच्या बायका साड्या जमवतात, स्टीलची भांडी जमवतात. ही प्लास्टिकचे बाहुले जमवायची. बाहुल्या नाही हां — बाहुले. अंतराळातले शिपाई, रोबोट, हेल्मेटवाले, तीन डोळ्यांचे, शेपटीवाले, हातात लेझरची बंदूक घेतलेले. वीतभर उंचीचे. मान, दोन खांदे आणि दोन मांड्या, एवढेच पाच सांधे हलतात. स्टेशनबाहेर फुटपाथवर ढीग लावून बसतात ना, तिथला माल. पन्नास रुपयांच्या वरचा घ्यायचा नाही हा तिचा नियम. 'त्याच्यावर गेला की तो शिपाय नाय, सायब झालो,' म्हणायची. दीडशेच्या आसपास झाले होते. भांड्यांचा शोकेस होता, त्यातली भांडी पोटमाळ्यावर गेली आणि हे आत आले. रंग उडाला तर नेलपॉलिशने डोळे काढायची, काडीने. त्यांना म्हणायची 'माझी पलटण'.

नाद कुठून लागला तेही सांगतो. लग्नानंतर ती खाली एका गाळ्यात कामाला होती. तिथे हीच खेळणी बनायची. मशीनमधून धडं, हात, पाय, डोकी वेगवेगळी पडायची आणि बायका जमिनीवर बसून ती जोडायच्या. पहिल्या दिवशी माल गरम, हात भाजतात, बाजूची बाई झरझर जोडतेय... घाईघाईत हिने एका हिरव्या अंतराळवीराला दोन्ही बाजूंना डावाच हात बसवला. सुपरवायझर बाई हसली. म्हणाली, 'हा कोण घेणार गं? तूच घेऊन जा घरी.' तो पहिला. गाळा पुढे बंद पडला, साचे कुठेकुठे विकले गेले. मग ही फुटपाथवर एखादा बाहुला उचलायची, उलटा करून तळव्याखालची खूण बघायची आणि मला दाखवायची. 'ह्यो आमच्याच साच्यातलो. डोक्या नवा लावलाहा, धड आमचा आसा.' स्वतःच्या हाताखालून गेलेली माणसं गावभर शोधत फिरावीत तशी शोधायची. तो दोन डाव्या हातांचा हिरवा कायम मधल्या फळीवर, सगळ्यांच्या पुढे.

आता कौस्तुभ. खरं नाव नाही लिहीत — लिहायला हरकत नव्हती, पण सुमनला आवडलं नसतं. पस्तिशीचा, मुलुंडला टॉवरमध्ये राहणारा, चांगल्या नोकरीतला. तोही हेच जमवतो, पण महागातले, परदेशी, बॉक्समध्ये सीलबंद. बॉक्स कधी उघडत नाही, उघडला की किंमत गेली म्हणतो. मोबाईलवर व्हिडिओ टाकतो. ह्या दोघांची ओळख फुटपाथवर झाली, एकाच ढिगात हात घालताना. सुमनने त्याला घरी आणला. सोलकढी पाजली, भाकरी-सुकट वाढली. पोरगा जेवला पोटभर, ते खोटं नाही बोलणार.

हिरवा बघितला आणि त्याचा घास हातातच राहिला.

'काकू, हे एरर पीस आहे. असं दुसरं कुठे मिळणार नाही.'

'एरर कसला रे, चूक आसा ती माझी,' सुमन म्हणाली.

'दोन दिवस द्या ना मला. नीट व्हिडिओ करतो आणि आणून देतो.'

मी म्हटलं, 'इथेच काढ काय काढायचं ते.'

'काका, इथे लाईट नाहीये.'

'नेऊंदे ओ,' सुमन मला म्हणाली. 'देतलो हाडून.'

नाही आणून दिला. पहिल्यांदा 'बाहेरगावी आहे काकू', मग 'पुढच्या रविवारी नक्की', मग फोन उचलेना, मग फोन लागेचना. नंबर ब्लॉक केला होता, हे मला शेजारच्या मास्तरांनी समजावून सांगितलं. मी मुलुंडला दोनदा गेलो. खालच्या वॉचमनने वर विचारलं आणि मला सांगितलं, साहेब घरी नाहीत. साहेबाची गाडी तिथेच उभी होती.

मधल्या काळात सुमनच्या किडन्या बसल्या. हॉस्पिटलमध्ये पडल्यापडल्या रोज विचारायची, 'हिरवो इलो?' बाकी काही मागितलं नाही तिने, शहाळं पण नको म्हणायची. तो एक तेवढा हातात पाहिजे होता.

एक दिवस बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची सून म्हणाली, 'आजी, तुम्ही सांगता तसलं खेळणं मी कुठेतरी बघितलं.' आणि तिने मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. कौस्तुभ. हातात पांढरे मोजे, मखमलीवर आमचा हिरवा. म्हणत होता — हा मला एका चाळीतल्या म्हातारीच्या कचऱ्यात मिळाला, तिला बिचारीला कल्पनाच नव्हती की तिच्याकडे काय आहे.

सुमनने तो पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाली, 'लाईट बरी लावल्यान.'

मी म्हटलं, 'कचरा म्हणाला तो, ऐकलंस ना?'

'जावंदे ओ. लहान आसा.'

त्यानंतर तिने हिरव्याचं नाव काढलं नाही. नवव्या दिवशी गेली.

तिला राग कधी यायचाच नाही. तिच्या वाट्याचा पण सगळा माझ्याकडेच आलाय असं मला नेहमी वाटायचं.

तेरावा शनिवारी झाला. रविवारी दुपारी मी एकटा जेवायला बसलो, ताट शोकेससमोर. वरच्या फळीवर एक लाल रोबोट आहे, त्याचे डोळे तिने अगदी शेवटी काढलेले. तो बघतोय. मी जेवतोय आणि तो बघतोय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, काय बघतोस? तिची पलटण म्हणवता ना? तुमच्यातला एक पळवून नेला, ती त्याच्यासाठी तळमळून मेली, आणि तुम्ही बंदुका घेऊन उभे? उठलो, काच सरकवली आणि त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला. शाळेत मास्तर मला करायचे तसा. मग जेवलो.

दोन दिवसांनी मधली फळी. जिथे हिरव्याची जागा रिकामी होती त्याच्या आजूबाजूचे नऊ. हे तर त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, ह्यांना जास्त शिक्षा पाहिजे. नऊच्या नऊ फिरवले. आणि पुढच्या मंगळवारी सकाळी, पाणी भरून झाल्यावर, उरलेले सगळे. एकेक उचलून. तासभर लागला. प्रत्येकाला फिरवताना मी कौस्तुभचं नाव घेत होतो आणि काय काय बोलत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी काही मंत्रबिंत्र करत नव्हतो. म्हातारा माणूस, घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून प्लास्टिकशी भांडत होतो. एवढंच.

त्याच शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमारास, कौस्तुभ दारात. घामाने निथळलेला. टेकडी चढून आला होता. दाढी वाढलेली, खांद्याला मोठी पिशवी.

'काकू आहेत?'

मी आत बोट दाखवलं. भिंतीवर फोटो, हार अजून ताजा होता. तो उंबऱ्यावर खालीच बसला.

'मला माहीत नव्हतं, काका.'

'फोन बंद ठेवल्यावर कसं माहीत होणार.'

मग त्याने पिशवीतून एक बॉक्स काढून माझ्या पुढ्यात ठेवला. महागातला. समोरून पारदर्शक प्लास्टिक, आत चंदेरी कवचातला शिपाई — पण त्याची पाठ माझ्याकडे, तोंड आतल्या पुठ्ठ्याकडे.

'हा असाच येतो?' मी विचारलं.

'नाही काका. सील बघा.'

मी फिटर माणूस. चष्मा लावला आणि बघितला. चारी बाजूंची चिकटपट्टी कंपनीची, कुठेही उचकटलेली नाही. आत बाहुल्याला मनगटांवर आणि घोट्यांवर बारीक तारा असतात, मागच्या पुठ्ठ्यातून ओवून पीळ दिलेल्या. त्या तारा जशाच्या तशा होत्या. तारा न सोडता आतला बाहुला फिरवणं माझ्या अकलेप्रमाणे शक्य नाही. मी अर्धा तास बघितलं. नाही शक्य.

'आधी एकच फिरला,' तो सांगायला लागला. 'रविवारी दुपारी. बायको म्हणाली, तूच तसा विकत घेतला असशील. मग दोन दिवसांनी एका फळीवरचे नऊ.'

'नऊच?'

'नऊ. मी मोजले ना. मग ह्या मंगळवारी सकाळी मी खोलीत बसून चहा पितोय, काका. समोर बघतोय. कप ठेवायला मान वळवली आणि परत बघितलं तर दोन बॉक्स फिरलेले. मग पुन्हा नजर हलली की अजून दोन. तासाभरात सगळी खोली. बायको माहेरी निघून गेली. म्हणते, तू कोणाचं तरी वाईट केलंयस.'

'केलंयस?'

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, 'सगळ्यांनी पाठ केली, काका. एकटा हाच माझ्याकडे बघत होता.' आणि पिशवीतून काचेची डबी काढली. आत आमचा हिरवा.

डबी हातात घेऊन तो आत आला आणि तेव्हा त्याची नजर शोकेसवर गेली. दीडशे पाठी.

'तुमचे पण? म्हणजे... काकू तुमच्यावर पण रागावल्यात?'

मी काय सांगायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, 'काय माहीत बाबा.'

तो फोटोसमोर गुडघ्यांवर बसला, रडला, कान धरले. व्हिडिओ काढून टाकलाय म्हणाला, कचरा म्हणालो ती चूक झाली म्हणाला. मी म्हटलं, 'मोठ्याने बोल. ती शेजारच्या खोलीत नाही, लांब गेलीय.' त्याने मोठ्याने म्हटलं. चाळीतल्या दोन बायका दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पुष्कळ बरं वाटलं... पण पोटभर नाही.

जाताना म्हणाला, 'आता थांबेल ना हे?'

'तुझे बाहुले, तुला ठाऊक,' मी म्हटलं.

हिरवा मी डबीतून काढून त्याच्या जागेवर ठेवला. तो एकटा खोलीकडे बघत, बाकी सगळे भिंतीकडे.

पण मन थाऱ्यावर येईना. रविवार, मंगळवार, एक, नऊ, सगळे. योगायोग म्हणायचं तर किती म्हणायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, घड्याळ बघून, मी वरच्या फळीवरचा लाल रोबोट सरळ केला. एकच. आणि खाटेवर बसून राहिलो.

दहा वाजून चार मिनिटांनी फोन आला. कौस्तुभच. त्याला नीट बोलता येत नव्हतं.

'काका, एक फिरला. पहिला फिरलेला तोच... सरळ झाला. काकूंनी माफ केलं बहुतेक. बाकीचे पण होतील ना?'

मी म्हटलं, 'होतील की.' फोन ठेवला. उठलो आणि लाल रोबोटला पुन्हा भिंतीकडे केला.

फोन परत वाजला. मी घेतला नाही. बराच वेळ वाजत होता.

आता ग्रुपवरची मंडळी म्हणतील, बाईच्या आत्म्याने सूड घेतला. नाही. सुमनला मी पन्नास वर्षं ओळखतो. ती असती तर तो उंबऱ्यावर बसला तेव्हाच तिने त्याला पाणी दिलं असतं, चहा टाकला असता आणि शोकेसमधले सगळे आपल्या हाताने सरळ केले असते. हे तिचं काम नाही. ह्या खोलीत आता मी एकटाच राहतो. पण मी बाहुला इथे भांडुपला फिरवतो आणि तो तिथे मुलुंडला, बंद खोक्यात, पिळलेल्या तारांसकट कसा फिरतो... ते मला अजून समजलेलं नाही. यंत्रांत आयुष्य गेलं माझं, दोन गोष्टींच्या मध्ये काहीतरी जोड असावी लागते. इथे ती सापडत नाही.

ह्याला दोन महिने होत आले. फोन रोज येतो, मी घेत नाही. मी रोज सकाळी शोकेसवर फडकं मारतो, एकेकाची पाठ पुसतो, आणि कोणालाही सरळ करत नाही.

कोणाला काही ठाऊक असेल तर खाली लिहा, मी सगळं वाचतो. माफ करून टाका असं मात्र कोणी लिहू नका. ते सांगणारी होती, ती गेली.