तीन चर्च, तीन घंटा

रविवार, २० एप्रिल १९४७. गोंदिया. सकाळपासून गरम वारा. दुपारी आभाळ भरून आले, पाऊस नाही.

शांती मंडळाचे ठराव लिहायला म्हणून मी वही सुरू केली होती. आज चाळून पाहिली तर ठरावांची पाने थोडी आणि किस्स्यांची फार. ठराव सभेत होतात, किस्से सभा संपल्यावर होतात, आणि आमची सभा संपली तरी कोणी उठत नसे. दवाखान्यात औषधाला आलेले लोकही म्हणतात, कंपाउंडर, बाटली भरेपर्यंत एखादा सांगा. म्हणून काही इथे ओळीने लिहितो.

•

मंडळात तीन चर्च. एक रोमन कॅथलिक लोकांचे, तिथे फादर. दुसरे रेल्वेचे इंग्रजी चर्च. त्यांचे पाद्रीसाहेब नागपूरला असतात, म्हणून इथले सगळे एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब पाहतात. तिसरे आमचे. आमचा बाप्तिस्मा तलावात बुडवून होतो, त्यावरून बाकीचे दोघे आम्हाला बुडीवाले म्हणतात. पाळक सामुएल आमचे, आणि मी चिटणीस.

पहिली सभा जानेवारीत दवाखान्याच्या ओसरीवर भरली, कारण एकमेकांच्या चर्चमध्ये पाऊल टाकायला कोणी तयार नव्हते. शांतीसाठी काय करावे, यावर पाच मिनिटांत एकमत झाले. सुरुवातीची प्रार्थना कोणी म्हणावी, यावर तास गेला. फादरना आमच्याबरोबर प्रार्थना करण्याची मनाई. पाळकांना गार्डसाहेबांचे छापील पुस्तक चालेना. गार्डसाहेबांना पुस्तकाशिवाय प्रार्थना येईना.

शेवटी ठरले की सगळ्यांनी मिळून गप्प बसायचे. गप्प बसायला कोणत्याच बिशपची मनाई निघाली नाही.

पुढे हीच आमची रीत झाली. आम्हाला एकत्र करता येण्यासारखे तेवढे एकच होते.

•

त्याच महिन्यात विडी कारखान्याला टाळे लागले. वळून आणलेल्या विड्यांतल्या मूठमूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढायच्या, मजुरी द्यायची नाही, आणि विड्या मात्र ठेवून घ्यायच्या, ही तिथली जुनी पद्धत. विड्या वळणाऱ्या सोमाबाईने एक दिवस त्या खराब विड्या परत मागितल्या. ही सालेकशाकडची बाई, तेंदूच्या रानात वाढलेली. मालकाने दार लावले. बारा बाया दारासमोर बसल्या. आत मालकाने लाठीवाले आणून ठेवले, बाहेर बायांच्या घरच्यांनी काठ्या आणल्या.

आम्ही जाऊन सांगितले की काठ्या आमच्याकडे द्या. लाठीवाले निघाले की तिन्ही चर्चची माणसे येऊन मधे बसतील.

सोमाबाईने आम्हा चौघांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

"काठ्या देतो. मंग ते आले तं तुमी येनार?"

"आएँगे," फादर म्हणाले.

"समजन कसं तुमाले?"

पाळकांनी सांगितले, तुमच्यातली एक जवळच्या चर्चकडे धावेल, तिथली घंटा वाजेल, ती ऐकून बाकीच्या दोन वाजतील.

"देव किती तुमचे?"

"एकच."

"मंग घंट्या तीन कायले?"

फादरनी पाळकांकडे पाहिले, पाळकांनी गार्डसाहेबांकडे. काठ्या मात्र तिने मोजून दिल्या. दवाखान्याच्या कोठीत मी त्या कुलूप लावून ठेवल्या.

•

तिन्ही घंटांचा नियम कसा झाला, तेही लिहून ठेवतो.

एका दुपारी रेल्वे चर्चची घंटा सुरू झाली. आमची चाळीस माणसे हातातली कामे टाकून धावली आणि कारखान्यासमोर रस्त्यावर बसली. दार बंद, लाठीवाले आत जेवत होते. अर्ध्या तासाने कळले की रेल्वेत एका फायरमनचे लग्न लागले.

सोमाबाई म्हणाली, "लगन तिकडं लागून राहिलं, न वऱ्हाड इकडं काऊन आलं?"

दुसऱ्या दिवशी सभा. एकट्या घंटेचा भरवसा नाही, दोन घंटा तर कोणत्याही रविवारी योगायोगाने वाजतात, असे गार्डसाहेब म्हणाले. ठराव झाला: तिन्ही घंटा वाजल्याशिवाय कोणी जागचे हलू नये. शब्द माझे, अक्षर माझे. फादरनी वाचून सही केली.

•

फेब्रुवारीत तिन्ही घंटा वाजल्या. आम्ही वेळेत पोचलो आणि मधे बसलो. पहिली लाठी गार्डसाहेबांच्या खांद्यावर बसली. जन्मभराच्या सवयीने ते मारणाऱ्याला म्हणाले, "सॉरी."

तो माणूस थांबला. आपण काही चुकीचे ऐकले की काय, असे त्याने शेजाऱ्याकडे पाहिले. मग लाठी खाली ठेवून त्याने तंबाखू चोळायला घेतली. त्याला पाहून बाकीचेही थबकले, आणि दिवस निभावला.

गार्डसाहेबांचा खांदा निखळला होता. तो मी बसवला. त्या वेळी ते जे बोलले, ते वहीत नाही.

•

मार्चमध्ये बायांच्या घरचे धान्य संपले. मोहाची फुले वेचायची, उकडायची आणि तीच खायची, असे चालले. आमचे तेव्हा इस्टरच्या आधीचे उपास होते. एकदा कारखान्यासमोर बायांजवळ बसलो असताना पाळक सहज बोलून गेले की आम्हीही चाळीस दिवस एकवेळ जेवतो.

सोमाबाई उकडलेला मोहा वाटत होती. म्हणाली, "तुमचा इस्टरले सुटते. आमचा कवा सुटते, ते पुसून सांगा."

पाळक त्या रविवारी उपदेशाला उभे राहिले आणि दोन वाक्यांत खाली बसले.

•

चार एप्रिल, उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. ऊन कडक. तिन्ही चर्चमध्ये दुपारच्या उपासना चालू होत्या.

आमचे वधस्तंभाचे वाचन अर्ध्यात आले होते. रेल्वे चर्चची घंटा सुरू झाली. पाळकांनी पुस्तक मिटले आणि आमची घंटा वाजवायला सांगितली. लोक उठून उभे राहिले. दोन घंटा चालू होत्या. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"तिसरी?" पाळकांनी विचारले.

"अजून नाही."

"नियम काय लिहिलाय?"

"तिन्ही."

आम्ही उभे राहिलो. मग म्हातारी माणसे बसली, मग सगळेच बसले. रेल्वे चर्चमध्येही लोक असेच थांबले होते, हे मागाहून कळले.

रोमन चर्चमध्ये गुरुवारी संध्याकाळपासून शनिवारपर्यंत घंटा वाजवत नाहीत. प्रभूचे दुःख म्हणून दोर वर गुंडाळून बांधून ठेवतात आणि घंटेऐवजी लाकडी फळी खडखडवतात. त्यांच्या पोराटोरांना हे ठाऊक. आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. आणि हे आम्हाला ठाऊक नसेल, असे फादरच्या मनात कधी आले नव्हते. आमच्या घंटा ऐकताच त्यांनी फळी खडखडवायला लावली. तो आवाज कुंपणाबाहेर गेला नाही. मग ते फक्त आपल्या माणसांना घेऊन कारखान्यावर गेले. तिथे लाठ्या सुरू झाल्या होत्या आणि आम्ही दिसेनात, म्हणून काळ्या झग्यातच आमच्या दारात धावत आले.

"क्यों बैठे हो?" एवढेच म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा लाठीवाले परत आत गेले होते.

दवाखान्यात मी सोमाबाईचा हात पाण्याने धुतला. बोटे सरळ करताना ती ओरडली नाही. पट्टी बांधून होत आली तेव्हा म्हणाली, "आमी दगड बी नाही उचलला, भाऊ. कोनीच नाही."

उजव्या हाताची चार बोटे मोडली होती. बाकी सात जणींना मुका मार. बुधवारी कारखान्याचे दार उघडले. अकरा जणींना जुन्याच पद्धतीवर परत घेतले. सोमाबाईला घेतले नाही.