परातीला झाकण

गाडीला परात असते हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. पस्तीस वर्षं झाली, उदगिरात देगलूर रोडला स्पेअर पार्टचं दुकान चालवून राहिलो. ट्रॅक्टर, जीप, टेंपो, सगळ्यांचे नटबोल्ट मला तोंडपाठ. पण इंजिनाच्या खालून प्लॅस्टिकचं भलंमोठं ताट ठोकलेली गाडी मी पहिल्यांदा व्यंकटी सोनकांबळेच्या अंगणात बघितली. त्या ताटापायी त्या भल्या माणसानं स्वतःचं काय करून घेतलं ते सांगायला बसलोय. मधी कुणी बोलू नका, माझं डोकं आधीच तापलेलं हाय.

व्यंकटी आमच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होता. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. डेपोत त्याचा एकच धोशा असायचा, गाडी उभी राहायला न्हाई पायजे. बस आत आली की लाईनवर जाईपर्यंत हा चहाला हात लावायचा न्हाई. दुसरे जे काम दोन तासात करायचे ते हा पाऊण तासात उरकायचा, आणि बाहेर येऊन बसच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा. दोन थापा म्हणजे चल, निघ. ड्रायव्हरनं त्या ऐकल्या की मागं वळून बघायचं काम न्हाई. अशा थापा मारता मारता आणि गाड्यांखाली उताणं पडता पडता त्याचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जात न्हाई. सकाळी त्याचा भांग चांगुणाबाई, त्याची बायको, पाडून देते.

एकच लेक, पंचशीला. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत हाय. शिकायला गेली ती तिकडचीच झाली. तिचा साहेब परदेशात निघाला तवा त्याची जुनी गाडी तिनं घेतली. लाल, बुटकी, दोनच सीटची, रेस खेळतेत तसली. गाडी पहिल्यांदा गल्लीत आली तवा चांगुणाबाई म्हणाली, "दोनच माणसं बसणार व्हय? मग आई-बापाला फिरवायचं तर एकाला डिक्कीत घाल बाई." आम्ही पोट धरून हसलो. पण व्यंकटी कवाच खाली वाकून इंजिनाच्या तळाशी बघून राहिला होता.

तर त्या गाडीचं ऑइल बदलायचं म्हणजे दिवसाचं काम. आधी ती परात काढा. एकोणीस स्क्रू, वर प्लॅस्टिकची बटणं, त्यातली दोन दर बारीला तुटणार. मग कुठं ऑइलचा नट दिसणार. कंपनीनं म्हणे खालची हवा सरळ जावी म्हणून लावलीय. अरे, हवा सरळ जाईल, माणूस वाकडा झाला त्याचं काय? पण पंचशीलाचा हट्ट, गाडीला हात लावंल तर माझा बापच. चार-पाच महिन्याला ती शनिवारी यायची, मुक्काम करायची, रविवारी दिवसभर ऑइलचं काम चालायचं. बाप गाडीखाली, लेक पालथ्या बादलीवर बसून पाने द्यायची आणि तोंडानं टकळी चालू. ऑफिसातलं, घरमालकिणीचं, मैत्रिणींचं. व्यंकटी खालून हाव, हाव करायचा. मला एकदा म्हणाला, "वीरण्णा, फोनवर ती दोन मिनिटं बोलती रे. खाली पडलो की दिवसभर बोलती."

मग तो दुष्काळ आला. लातूरला पाणी रेल्वेनं आणलं, ते टीव्हीवर तुम्ही बघितलंच असंल. आमच्याकडं पाण्याची रेल्वे न्हाई न् काय न्हाई, बारा-बारा दिवसाला टँकर. वरून उदगीर जिल्हा होणार, उदगीर जिल्हा होणार म्हणून हवा उठलेली. मीबी येडा, दुकानाचा बोर्ड नवा रंगवून घेतला, खाली मोठ्या अक्षरात 'जि. उदगीर'. जिल्हा काय झाला न्हाई. पेंटरला परत बोलवायची लाज वाटली, म्हणून त्यावर कागद चिकटवला. असो, माझं रडगाणं राहू द्या.

दुष्काळात पंचशीलाचा मुक्काम बंद झाला. "माझ्या आंघोळीला एक बादली जाईल, तेवढीच तुम्हाला राहील," म्हणायची. रविवारी सकाळी यायची, शेजारच्या सीटवर पाण्याचे दोन जार, वरून पट्टा बांधलेला. संध्याकाळी वापस. म्हणजे उरला तो एक दिवस, आणि तोबी त्या परातीच्या जिवावर.

जानेवारीत काय झालं, ऑइल बदलून झालं, परात वर उचलून धरताना व्यंकटीचा खांदा तिथंच अडकला. हात वर गेला तो खाली येईना. पोरीनं पाय धरून त्याला बाहेर ओढलं. व्यंकटीचं तोंड पांढरं पडलेलं, चांगुणाबाई रडायला लागलेली. परात भिंतीला टेकवून ठेवली आणि पंचशीला तशीच निघाली. जाता जाता म्हणाली, "बाबा, बस झालं आता. पुढच्या बारीला तिकडं गॅरेजला देते. तुम्ही न्हाई हात लावायचा."

दुसऱ्या दिवशी व्यंकटी दुकानात आला. "जय भीम, वीरण्णा." मी आमचा लिंगायतांचा रामराम घातला, "शरणार्थ. खांदा कसा हाय?" खांद्याचं त्यानं काढलंच न्हाई. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "गाडी गॅरेजला गेली तर ती कशाला येईल रे इकडं?" खरं सांगतो, मी खवळून उगाच म्हणलो, "आई-बापाला बघायला येईल! ऑइल बघायला येती का ती?" तो हसला फक्त. मग म्हणाला, "मी परातीला खिडकी पाडतो."

मी लई भांडलो. कंपनीचा माल, कापलास तर गेला. पण ऐकंल तर तो व्यंकटी कसला. परातीत बरोबर नटाखाली तेलाचा काळा डाग पडलेला होता. फिल्टरखाली दुसरा. तेच त्याचं माप. दोन्ही डाग मावतील असा चौकोन खडूनं आखला. चारी कोपऱ्याला आधी भोकं पाडली, म्हणजे चीर पुढं पळत न्हाई. मग करवतीच्या पानाला चिंधी गुंडाळून डाव्या हातानं कापत बसला. रोज थोडं थोडं. कडा कानसून अशा गुळगुळीत केल्या की बाळाच्या गालाला लावाव्या.

झाकणाला त्यानं डेपोच्या भंगारातला जुना पाटीचा पत्रा काढला, बसच्या काचेत लावतेत तो. त्यावर 'उदगीर' लिहिलेलं. मी म्हणलो, "रंग तरी खरवड." म्हणाला, "राहू दे. गावाचं नाव आतल्या बाजूला राहील." झाकणाची पुढची कड परातीच्या आत सरकवली, म्हणजे गाडी पळताना वारा झाकण दाबून धरणार, उचकटणार न्हाई. मागच्या बाजूला जुन्या बसच्या डिक्कीच्या दाराचे दोन खटके. चौकोनी चावी घालून अर्धा फेरा दिला की उघडलं. अशा दोन चाव्या केल्या, एक त्याची, एक लेकीची. दोन महिने लागले. चाळीस वर्षं डेपोत काम केलं, पण एवढा खुश मी त्याला बघितला न्हाई.

मेमधी एका रविवारी सकाळी सात वाजता लाल गाडी आली. मीबी माझा स्टूल घेऊन गेलो, म्हणलं बघू तरी. गाडी दोन जाड फळ्यांवर चढवली. परात मी न् पंचशीलानं खालून उचलून धरली, व्यंकटीनं स्क्रू आवळले. मग तो म्हणाला, "आता बघ." चावी घातली, अर्धा फेरा, झाकण खाली. नट समोर. ऑइल गळालं, फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं, झाकण बंद. पंचशीला घड्याळ बघून किंचाळलीच, "बाबा, वीस मिनिटं! तुम्ही जादूगार हाव का?" गळ्यात पडली. त्याचे काळे हात तिच्या पांढऱ्या शर्टाला लागले, तिला पर्वा न्हाई. मग तिनं सगळं परत विचारून घेतलं, चावी कशी फिरवायची, नट किती आवळायचा, वायसर कोणती बाजू वर. व्यंकटीनं मन लावून शिकवलं. आपण काय शिकवून राहिलोत ते त्याच्या ध्यानात न्हाई आलं, आणि माझ्याबी न्हाई.

साडेआठ वाजले होते. पाण्याचे जार आत नेऊन ठेवले, चहा झाला. मग सगळे उभेच. करायला काम काय उरलं न्हाई. पालथी बादली तशीच पडलेली. पंचशीला चावी हातात खेळवत म्हणाली, "आता थांबू का निघू? नंतर ऊन लई होईल." तिचा एक पाय आत, एक बाहेर. आत चांगुणाबाई भाकरीचं पीठ मळत होती. आणि ह्या माणसानं, ह्या येड्यानं, काय करावं? फडक्याला हात पुसले आणि गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या.

बघा, त्याला थांब म्हणायचं होतं. मला नंतर त्यानंच सांगितलं. काम झालं की हात आपोआप गेला म्हणे. पोरगी डेपोच्या क्वार्टरमधी वाढलेली, दोन थापा तिला समजत न्हाईत व्हय? हसली, "चला, लाईनवर," म्हणाली आणि निघाली. चांगुणाबाई पिठाच्या हातानं दारात आली तवा गल्लीत नुसती धूळ. तिनं आत जाऊन निम्मं पीठ काढून डब्यात ठेवलं. मी स्टूल उचलला आणि घरी आलो.

सप्टेंबरात पाऊस झाला, आणि असा झाला की आधी मागितल्याची लाज वाटली. नळाला पाणी आलं. व्यंकटी दुकानात येऊन ऑइलचा कॅन न् फिल्टर घेऊन गेला. "आता मुक्काम करंल," म्हणाला. "आंघोळीला पाणी हाय आता. मी काम सावकाश करणार हाय, वीरण्णा. झाकण अडकलंय म्हणून सांगणार." चाळीस वर्षं गाड्या घाईनं काढणारा माणूस, खोटं बोलायची तयारी करून राहिला होता.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तो कॅन काखेत मारून वापस आला. काउंटरवर ठेवला, वर फिल्टर ठेवला, मग खिशातून मोबाईल काढून माझ्या पुढं धरला. फोटो होता. हैदराबादेतल्या बिल्डिंगच्या पार्किंगमधी पंचशीला, कोपरापर्यंत काळी, बत्तीस दात बाहेर. हातात चौकोनी चावी. मागं गाडीखाली झाकण उघडं, त्यावर उलटं 'उदगीर'. खाली लिहिलेलं, बाबा, मी स्वतः केलं, अठरा मिनिटं, तुमच्यापेक्षा दोन कमी, आता तुम्हाला कवाच त्रास न्हाई.

"पोरगी हुशार हाय," मी म्हणलो. दुसरं काय म्हणणार?

"हाय ना. वायसर बरोबर बसवलाय, मी विचारून घेतलं." डाव्या हातानं उजवा खांदा दाबत उभा होता. "वीरण्णा, ती खिडकी मी पाडली रे. ह्या हातानं पाडली." डोळे भरून आले त्याचे. आमच्या दोस्तीत मी ते पहिल्यांदा बघितलं. "हे वापस घे. माझ्याकडं आता कुठली गाडी हाय?"

मला असा राग आला. कुणाचा ते सांगता येत न्हाई. पोरीचा न्हाई, तिनं तर बापाच्या खांद्यासाठी केलं. मी बाहेर येऊन त्याला बोर्डाखाली उभा केला. पावसानं माझा कागद गळून गेला होता, न झालेला जिल्हा उघडा पडलेला, आणि त्याच्या खाली दुसरी ओळ, विकलेला माल वापस घेतला जाणार नाही.

"वाच," मी ओरडलो. "न्हाई घेत मी वापस. घरी ठेव. येईल ती."

त्यानं बोर्ड वाचला. वरची ओळबी वाचली, खालचीबी. मग कॅन काखेत मारला, फिल्टर खिशात घातला आणि घराकडं निघाला.