उत्तमरावांची नारिंगी बंडी

सत्यशीला सिस्टरचं माहेर शनिशिंगणापूर. घराला दार नाही, कपाटाला कुलूप नाही, अशा ठिकाणी वाढलेली ही बाई जगात कुणावरही विश्वास कसा ठेवत नाही, हे कोडं पारनेरकडच्या तिच्या आरोग्य केंद्रात अजून कुणाला सुटलेलं नाही. नवरा महेंद्र ‘डबा संपवला’ म्हणाला, तरी ती डबा उघडून हुंगते. वीस वर्षांच्या नोकरीत तिचं एक मत पक्कं झालंय: जंतू एक वेळ खरं बोलतील, पेशंट बोलणार नाही.

सध्या तिच्या संशयाचा काटा भागिरथीकाकूंवर अडकला होता. काकूंना टीबी. दोन महिने गोळ्या चालू. दर आठवड्याला काकू रिकामी पाकिटं इमानदारीत पुढे ठेवायच्या आणि पाकिटातला एकेक खळगा सिस्टर बोट घालून तपासायची. हिशेब चोख. पण वजन चाळीसवरून अडतीसवर आलेलं आणि बेडक्यात जंतू होते तसेच.

“औषध लागूच पडत नसेल, तर अवघड आहे,” डॉक्टर म्हणाले. “मग वर्षभराची जड औषधं. या अंगाला ती झेपतील का?”

सिस्टरला काळजी वाटली. पण तिच्या काळजीच्याही तळाशी संशय असतोच. या गोळ्या पोटात गेल्या की लघवी नारिंगी होते. तिने काकूंकडे बाटली दिली. परत आली ती पाण्यासारखी स्वच्छ.

“काकू, गोळ्या कुठं टाकता?”

“शप्पत बाई, एक बी टाकली न्हाई!” काकू डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या. पेशंट डोळ्याला डोळा देऊन बोलला, की सिस्टरचा संशय दुप्पट होतो.

दुसऱ्या दिवशी ती न सांगता काकूंच्या वाडीवर गेली. उकिरडा काडीने उकरला. चुलीतली राख चाळली. म्हशीकडे तर तिने अशा नजरेने पाहिलं, की म्हैस दोन पावलं मागे सरकली.

ओट्यावर उत्तमराव बसले होते, काकूंचे यजमान. एके काळी तालमीत गाजलेली छाती, अजूनही पुढे काढूनच बसायचे. खोकत मात्र होते. सिस्टरने तपासणीसाठी त्यांच्याकडे बेडका तीनदा मागितला होता आणि तीनदा त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

“या सिस्टर! आज काय म्हशीला सुई टोचायची का काय?”

“तुमची तब्येत सुधारलेली दिसते, मामा.”

“व्हय, लई! भूक लागती. ही काडा देती रोज अडुळशाचा. कडूजहर! पण खोकला निम्मा झाला बगा.”

औषध खाते बायको आणि अंग धरतो नवरा. सिस्टरची नजर दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या बंडीवर गेली. काखेत मोठाले नारिंगी डाग. या गोळ्यांनी घामसुद्धा रंगतो.

“मामा, तुमची लघवी नारिंगी होते का हो?”

उत्तमरावांची छाती प्रथमच आत गेली. इकडे तिकडे बघत ते कुजबुजले, “तुमाला कुनी सांगितलं? दोन महिनं झालं. मला वाटलं, कुनीतरी करनी केली.”

“केलीय की! घरातल्याच माणसानं!” म्हणत सिस्टर सैपाकघरात शिरली. काकू खलबत्त्यात गोळ्या कुटत होत्या. शेजारी काढा उकळत होता.

“त्यांचा खोकला माझ्या आदीपासनं हाय,” काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या. “तपासून घ्या म्हनलं, तर म्हनत्यात, तालमीच्या छातीत रोग शिरतोय व्हय? मग काय करू?”

“अहो, निदान निम्म्या तरी स्वतः खायच्या होत्या!”

“तुमीच म्हनला न्हाई का, अर्धवट खाल्ल्या तर रोग माजतो? मग म्हनलं, एकाला तरी पुरत्या होऊ द्या.”

सत्यशीला सिस्टर पाटावर बसली. ते भाषण तिचंच होतं. शब्दन् शब्द पाठ केलेलं, दर घरी बजावलेलं. आख्ख्या तालुक्यात एका बाईने तिच्यावर पुरता विश्वास ठेवला आणि तो असा.

उत्तमराव दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग खाकरून म्हणाले, “ती डबी द्या इकडं. बेडक्याची.”

त्यांच्या एक्स-रेत डाग निघाले. काकूंच्या जंतूंवर औषध लागू पडतं, असा रिपोर्टही आला. पोटातच गेलं नव्हतं, तर आजवर लागू पडणार कसं! आता ओट्यावर रोज सकाळी दोन पाकिटं उघडतात, दोन तोंडं उघडतात आणि सिस्टर टॉर्च मारून जिभेखाली बघते.

“आमच्यावर एवढा संशय?” उत्तमराव दुखावतात.

“तुमच्यावर कमी. शेजारी बसल्यात त्यांच्यावर जास्त,” सिस्टर म्हणते.

काकूंचं वजन साडेचाळीसवर गेलं, त्या दिवशी त्यांनी सिस्टरपुढे चहा ठेवला. “घ्या बाई. तुमी बी लई वाळलाय हो. खोकता बी अदनंमदनं.”

सिस्टरने कप उचलला. ओठांपाशी नेला. मग खाली ठेवला, चमच्याने तळ ढवळला, हुंगला आणि विचारलं, “काकू, आजच्या तुमच्या गोळ्या खाल्ल्यात ना?”