मावशीच्या खोलीत ठेवलेला माल

कॉम्प्युटरची मेमरी भरली की सध्या न लागणारा माल तो डिस्कच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. त्या कोपऱ्याला स्वॅप म्हणतात. हे मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं. शिकलो मात्र सत्तरच्या दशकात, मानोऱ्याच्या आमच्या एका खोलीत, ताईला पाहायला इंझोरीचे पाहुणे आले त्या दिवशी.

ताईची आधीची दोन स्थळं मोडली होती. "हे जमलंच पाह्यजे," म्हणत बाबांनी जागा करायचं काम माझ्यावर टाकलं. (घरात हुशार मीच, असं मीच सांगत असे.) मी नियम केला: जे सगळ्यात जास्त वेळ रिकामं पडलंय, ते समोरच्या गंगामावशीच्या खोलीत. बाज गेली, ट्रंक गेली, तुरीचं पोतं गेलं. साडी नेसायला जागा नाही म्हणून ताईही तिकडंच गेली.

चार जण येणार होते, नऊ आले. जयभीम झाला, सतरंजी भरली.

"कपबश्या कुठी हायेत रे?" मायनं विचारलं.

"मावशीकडं."

"कायले नेल्या?"

"सहा महिने कोनी वापरल्या नाहीत."

कपबश्या आणल्या, त्यांना जागा हवी म्हणून साखरेचा डबा नेला. चहा उकळला तर साखर मावशीकडं! साखर आणली, गाळणी नेली. अर्धा तास मी नुसता अंगण ओलांडत होतो आणि चहा होता तिथंच. कॉम्प्युटरही असा नुसती ने-आण करत अडकतो, त्याला थ्रॅशिंग म्हणतात, हे पुढं पुस्तकात वाचलं. माय तेव्हा दुसरंच काही म्हणाली होती.

तेवढ्यात दहावा पाहुणा आला. कोपऱ्यात एक जण केव्हाचा गप्प बसला होता. नियम म्हणजे नियम. "चला, तिकडं मोकळं बसा," म्हणत मी त्याला मावशीच्या खोलीत सोडून आलो. (मावशी आमच्याकडं पोहे परतत होती.)

थोड्या वेळानं पाहुण्यांतले म्हातारे म्हणाले, "बोलवा आता पोरीले." मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "अन् आमचा पोरगा कुठी गेला?"

मी मावशीच्या खोलीकडं बोट केलं. सगळे अंगण ओलांडून गेले. नवरदेव तुरीच्या पोत्यावर बसला होता आणि ताई त्याला विचारत होती, "दारू पेता का? खरं सांगा."

बाबांनी मान खाली घातली. माझ्यापायी ताईचं हेही स्थळ गेलं, म्हणून मला रडूच आलं.

म्हातारे खाकरले. "आता आमी काय विचाराचं? पोरीनंच सारं विचारून घेतलं. चहा आना."

गाळणी त्याच खोलीत होती. घेऊन पळालो.

माय-बाबा आता नाहीत, त्या खोल्याही नाहीत. फार आठवण येते. परवा नातीच्या वाढदिवसाला ताईचं घर भरलं. ताईनं माझ्याकडं पाहिलं. "तू केव्हाचा रिकामा बसून राह्यला रे. जाय, शेजारच्या घरी बस."

गेलो. तिथं भाऊजी आधीच बसलेले होते.