देऱ्यातला बादशहा पर्टिनॅक्स

हनीफभाई फणसोपकर रोमचे बादशहा झाले ते आवाजाच्या जोरावर. अर्धं आयुष्य त्यांनी गलबतावर भंडारी म्हणून काढलं होतं. भंडारी म्हणजे खलाशांना रांधून घालणारा. भर वाऱ्यात डोलकाठीवर चढलेल्या माणसाला जेवायला बोलवायचं तर गळा तसाच लागतो. नाटक मंडळीत मी मोठमोठे गळे ऐकले, पण ‘चला, भात निवतोय’ एवढ्यात इतकं करुण आणि इतकं राजेशाही दुसऱ्या कुणाला बोलता आलं नाही.

एकोणीसशे पासष्टचं दुबई. देऱ्यात, खाडीच्या काठी एका जुन्या घरात आम्ही रत्नागिरी-कुलाब्याकडचे बाप्ये एकत्र राहत होतो. आमची नाटक मंडळी बुडाली होती आणि मी एका कापडवाल्याकडे कारकुनी करत होतो. घरच्या मेसची सत्ता हनीफभाईंकडे. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. आगबोटीतून उतरलेला नवा माणूस दारात आला की ते नावगाव विचारत नसत; आधी ताटाला बसवत. पोट भरलं की माणूस खरं नाव सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

दोष एकच. त्यांचं जेवण खारट असे. आमटी खारट, भात खारट, आणि एकदा तर शिरासुद्धा. पण तोंडावर सांगणार कोण? प्रत्येक जण कधी ना कधी तापात पडलेला आणि त्यांच्या हातची पेज पिऊन उठलेला. पेजही खारटच, पण तापात ते कळत नसे.

त्या वर्षी ईदला नाटक करायचं ठरलं. मी रोमच्या इतिहासातून पर्टिनॅक्स उचलला. पावणेदोन हजार वर्षांपूर्वीचा हा म्हातारा बादशहा मोठा काटकसरी. त्यानं पहारेकऱ्यांची चैन बंद केली, तेव्हा तेच पहारेकरी हत्यारं घेऊन महालात घुसले. म्हातारा पळाला नाही. हात रिकामे ठेवून समोर आला आणि चार शब्द बोलला. त्यांनी लाजून तलवारी खाली केल्या. तरी एक जण पुढे झालाच, आणि त्यानं घाव घातला.

नाटकात हनीफभाई बादशहा आणि तो घाव घालणारा यूनुस. हनीफभाईंच्याच गावचा, त्यांनीच इथं आणून नोकरीला लावलेला. “मरायचंच आहे तर गावच्या माणसाच्या हातून मरेन,” असं म्हणून त्याची निवड त्यांनीच केली. दुसरा पहारेकरी मुश्ताक, श्रीवर्धनचा शिंपी; बाकीचे मेसमधलेच. शिरस्त्राणं म्हणून स्वयंपाकघरातली पातेली. ती देताना मात्र बादशहानं बजावलं, “पोचा आला तर त्यातच जेवावं लागेल.”

शुक्रवारी नमाजानंतर तालीम चाले. कटाच्या प्रवेशात बादशहाला काम नाही, म्हणून हनीफभाई चहा करत. एका शुक्रवारी कट भलताच रंगला.

“म्हातारा आपण होऊन गादी सोडणार नाही,” मुश्ताक म्हणाला.

“ईद झाली की किल्ली काढून घ्यायची. खलास,” यूनुस म्हणाला.

हनीफभाई कप ठेवत म्हणाले, “छान. पण यूनुस, राग कमी पडतोय. त्या माणसानं तुझं काही वाईट केलंय असं वाटायला हवं.”

“माझा मेहुणा शारजाहून येतोय,” मुश्ताक पुढे म्हणाला. “तो निदान डाळ तरी खाण्याजोगी करतो.”

हनीफभाई थांबले. माझ्याकडे वळले. “मास्तर, रोममध्ये डाळ होती काय?”

“होती. मसूर इजिप्तहून जहाजांतून यायची,” मी आपलं ज्ञान पाजळलं.

“आणि शारजा?”

“शारजा नाही.”

त्यांनी किटली खाली ठेवली. पहारेकरी आपापल्या कपात बघू लागले. मलाही तेव्हाच कळलं की हा प्रवेश मी लिहिलेला नव्हता. हनीफभाईंनी रात्री सगळ्यांना वाढलं, फक्त स्वतः बसले नाहीत. किल्ली मात्र कमरेवरून काढून मुठीत धरली होती. गलबत सुटलं, घरवाली गेली, मुलगी सासरी. त्या माणसाला जगात हाक मारायला एवढंच स्वयंपाकघर उरलं होतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. शिडाचा पडदा सरकला. पांढरी चादर पांघरून बादशहा आले, पातेलीधारी पहारेकरी घुसले. इथं दोन वाक्यांचं भाषण होतं. हनीफभाईंनी ती दोन वाक्यं बोलून टाकली आणि मग मुश्ताकसमोर जाऊन उभे राहिले.

“तुला कावीळ झाली तेव्हा उसाचा रस शोधायला अबऱ्याच्या होडीतून खाडीपलीकडे बर दुबईला कोण गेलं होतं?”

“बादशहा,” मुश्ताक पुटपुटला आणि त्यानं तलवार खाली केली. नाटकात करायची होतीच, पण पातेलंही काढलं.

बादशहा सगळ्यांपुढून फिरले. तलवारी पडत गेल्या. उरला यूनुस. पडद्याआडून मी सांगत होतो, “मार, यल्ला, लवकर मार,” कारण त्यानं मारलं नाही तर रोमचा इतिहास तिथंच अडकणार होता. पुढच्या ओळीत मैमुनाबी बसल्या होत्या, देऱ्यातल्या आम्हा कोकणी लोकांत सर्वांत वडील. त्या म्हणाल्या, “यूनुस, त्याच्या हातचं जेवतोस ना? ठेव ते खाली.”

“जेवतो म्हणूनच,” यूनुस रडकुंडीला येऊन म्हणाला. “भाई, तुमचं सगळं खारट असतं.”

अंगणात हशा पिकला. जो जो त्या घरी कधी जेवला होता तो हसत होता, म्हणजे जवळजवळ अख्खा देरा.

हनीफभाईंना काही कळेना. “असणारच. भातात अर्धं समुद्राचं पाणी घालतो.”

“समुद्राचं?”

“गलबतावर तसंच करतात. गोडं पाणी प्यायला राखायचं. इथं गोडं पाणी गाढवावरून येतं, तुम्हा लोकांना पुरावं म्हणून मी पहाटे किनाऱ्यावरून हंडा भरून आणतो.”

“आणि वर मीठ?”

“मीठ तर घालावंच लागतं. मिठाशिवाय जेवण कसलं?”

मैमुनाबींनी कपाळाला हात लावला. यूनुसची तलवार लोंबत होती. “भाई, आधी सांगायचं नाही?”

“तू आधी विचारायचं नाही?”

दोघंही खरे होते. शेवटी यूनुसच म्हणाला, “किल्ली तुमच्याकडेच राहू दे. पाणी आम्ही भरू.”

“आणि त्या शारजावाल्याचं काय?”

मुश्ताक घाईघाईनं म्हणाला, “पाहुणा म्हणून येईल. जेवून जाईल.”

बादशहानं किल्ली चादरीखाली कमरेला पुन्हा खोचली, हात पसरले आणि म्हणाले, “आता मार.”

यूनुसनं घाव घातला. त्यानंतर हनीफभाई जे मेले, तसं मरण मी कुठल्याच रंगभूमीवर पाहिलं नाही. दोनदा पडले, तीनदा उठले, एकदा मैमुनाबींची माफी मागितली, आणि वन्स मोअर मिळाला तेव्हा परत मेले.

रोममध्ये विषाच्या भीतीनं बादशहाचं अन्न आधी चाखून बघायला माणूस ठेवत. आमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून बादशहानं रांधलेलं चाखायला यूनुस नेमला गेला. समुद्राच्या पाण्याचा हंडा गेला तरी मूठभर मीठ टाकायची सवय सुटली नव्हती. रोज ताटं मांडायच्या आधी तो चुलीपाशी उभा राही, हनीफभाई डाव त्याच्या तोंडाशी नेत, आणि अंगणातले सगळे पहारेकरी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसत.