साडूंच्या गाडीच्या पट्ट्या

माझ्या साडूंनी निवृत्तीनंतर जुनी अमेरिकन गाडी घेतली हे ऐकून मी आधी हसलो. धारला जाऊन ती पाहिली आणि देवासला परत येईपर्यंत ते हसू जिरलं होतं.

साडू शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या हातात कधी पाना-पेचकस पाहिल्याचं मला आठवत नाही. मी मात्र उभा जन्म पीथमपुरला गाड्यांच्या कारखान्यात, प्लेटिंगच्या विभागात काढला. धातूवर चकाकी चढवणं आणि उतरवणं, एवढी एकच गोष्ट मला नीट येते. असं असताना ती लांबलचक, दोन दारांची, भल्यामोठ्या इंजिनाची गाडी त्यांच्या अंगणात यावी, हे मला सहन झालं नाही. इंदूरच्या एका बंगल्यात ती वर्षानुवर्षं धूळ खात होती. इंजिन तिथल्याच मिस्त्रीने चालू करून दिलं. बाकी सगळं साडूंनी घरी करायला घेतलं, तेही मोबाइलवर व्हिडिओ पाहून.

मी वाट पाहत होतो. आज ना उद्या फोन येईल, "साडूभाऊ, जरा येऊन बघता का?" फोन यायचे, पण बातमी द्यायला. चाकं उतरवून गंज घासला. चाकांना रुपेरी रंग मारला. उन्हाने तडकलेल्या डॅशबोर्डवर ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्याकडून काळं रेक्झिन चढवून घेतलं.

"मी येऊ का?" एकदा मीच विचारलं.

"अहो, तुम्ही आता आराम करा. जन्मभर हेच काम केलंत की!"

ते प्रेमाने म्हणाले असतील. मला ते दोन दिवस बोचत राहिलं. बायको म्हणाली, "तुम्हाला झालंय काय? गाडी त्यांची, हात त्यांचे काळे होतायत." मी तिच्यावरच खेकसलो.

बायका सख्ख्या बहिणी, म्हणून दसऱ्याला आम्ही दरवर्षी धारला जातो. त्या वर्षी आदल्या दिवशी पोचलो. दारात गल्लीतली पोरं गाडीला गराडा घालून उभी होती. "भिया, उड़ेगी क्या ये?" एकाने साडूंना विचारलं. भूगोलाचे सर आता पोरांचे भिया, म्हणजे दादा, झाले होते. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. चाकांचं काम मी वाकून, बोट फिरवून तपासलं. खोट सापडली नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं.

साडू झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. मेहुणी अंगणातल्या नळावर देवाची भांडी घासत बसली होती. समई, ताम्हण, कलश, सगळं चिंच आणि रांगोळीने, तिच्या सासूबाई घासत तसं. डॅशबोर्डच्या चकचकीत पट्ट्या साडूंनी काढून जुन्या धोतरात गुंडाळून पाटावर ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्या बसवायच्या होत्या.

"भावजी, ह्याही सोबत घासून टाकू? उद्या गाडीची पूजा आहे, जरा उजळतील. चिंच चालेल ना?"

त्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्या होत्या. त्यांची चमक वरच्या अगदी पातळ, पारदर्शक थरात असते. आंबट पदार्थ आणि वर रांगोळीची भुकटी म्हणजे तो थर गेलाच. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"चालेल की," मी म्हणालो. "देवाला चालते, ती गाडीला का नाही चालणार?"

पट्ट्या सुकल्या तेव्हा मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारख्या दिसत होत्या. साडू आले, बघतच राहिले. "अगं, हे काय केलंस?" एवढंच म्हणाले, तेही हळू आवाजात. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीतले झेंडू निवडत होतो. "मलाच मेलीला कळलं नाही," ती म्हणाली.

आणि मग ते शब्द आले, ज्यांची मी इतके दिवस वाट पाहिली होती. "साडूभाऊ, तुम्ही काही करू शकाल?"

पट्ट्या मी देवासला आणल्या. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उरलासुरला थर काढला, माझ्या जुन्या मशीनवर बफिंग करून चकाकी आणली, वर लॅकरचा पारदर्शक हात दिला. नव्या असतानाही त्या इतक्या सुंदर नसतील. काम झटपट झालं होतं. पण मी त्या कपाटात ठेवून दिल्या. रोज काढून पाहायचो. साडूंचा फोन आला की सांगायचो, "नाजूक काम आहे, वेळ लागतो." तेवढे दिवस ती गाडी थोडी माझी होती.

पुढे घरात माझं नाव झालं आणि मेहुणीची चेष्टा सुरू झाली. "मावशी, चिंच गाडीपासून लांब ठेव हं!" माझी मुलं म्हणायची. ती हसायची. माझ्यासाठी मात्र दर दिवाळीला अनारशांचा डबा यायचा, भावजींनी लाज राखली म्हणून. मी ते खात आलो.

या दसऱ्याला पूजेच्या वेळी ती हळदकुंकवाचं तबक घेऊन गाडीपासून दोन हात लांब उभी राहिली. सुनेला म्हणाली, "तूच लाव गं कुंकू. माझा हात नको गाडीला." या वेळी ती हसत नव्हती.

"लाव," मी मेहुणीला म्हणालो. "चिंच चालेल असं मीच सांगितलं होतं तुला. खराब होणार हे ठाऊक असून."

साडू माझ्याकडे पाहत राहिले. ती म्हणाली, "मला वाटलं, तुमच्याही लक्षात आलं नसेल. इतकी वर्षं त्याच कामात काढलेला माणूस, चारचौघांत हसं होईल. म्हणून मी तुमचं नाव घेतलं नाही."

तिने पुढे होऊन बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चारही चाकांना कुंकू लावलं. मग आपट्याची पानं माझ्या हातात दिली. दरवर्षी वाकायची, ती वाकली नाही.

"मला म्हणायचं होतंत, हात लावू द्या म्हणून," साडू म्हणाले.

"तुम्ही बोलावलं नाहीत."

"बोलावलं असतं तर तुम्ही शिकवत बसला असता. जन्मभर मीच शिकवलं हो. एकदा आपलं आपण शिकून बघायचं होतं."

तिला शेजारी बसवून ते गाडी घेऊन निघाले. पोरं ओरडत मागे धावली. सांगून टाकल्यावर मोकळं वाटेल असं समजून होतो. पण गाडी वळली, काचेतून डॅशबोर्डवर ऊन पडलं, पट्ट्या लखलखल्या, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हे काम माझं आहे असं आता या घरात कुणी म्हणणार नाही.