आहेराच्या तीन साड्या

त्या उन्हाळ्यात सुरत-धुळे लक्झरी बसवाल्यांनी फुकटची पाण्याची बाटली बंद केली आणि प्रत्येक जादा पिशवीला भाडे लावले. आईपुढे प्रश्न उभा राहिला तो माझ्या तिघी मामींना धुळ्याच्या लग्नात द्यायच्या आहेराच्या साड्यांचा. अंगावरच्या कपड्यांना भाडे नाही, हे पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मी तिच्या निदर्शनास आणले.

सुरतजवळच्या उधन्याला आई तिन्ही साड्या एकावर एक नेसून बसमध्ये चढली. क्लीनरने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारले, "मासी, तबियत सारी छे ने?"

"थंडी वाजते," आई भर मे महिन्यात म्हणाली.

पॉलिएस्टरच्या तीन थरांतून उष्णता बाहेर का पडत नाही, हे मी तिला वाटेत समजावले. तिने ते ऐकून घेतले नाही.

धुळ्याला पोचल्यावर तिने साड्या उतरवून मामींपुढे ठेवल्या. थोरल्या मामीने एक ओलसर पदर चिमटीत उचलला. "वन्सं, आहेराची साडी कोरी द्यायची असते. तुम्ही तर तिघींच्याही घड्या मोडून आलात!"

आई लगेच म्हणाली, "घडी मोडायचा मान नणंदेचाच. त्यासाठी तुम्ही बोलावण्याची वाट कशाला पाहू?"

मामी खो खो हसली आणि साडी मांडीवर घेत म्हणाली, "घेतला आहेर. पण आधी धुऊन द्या!"